छोट्या बेटावरचा खेळाडू वेस्ट इंडीजच्या संघात कसा पोहोचतो : अँडी रॉबर्ट्सच्या कारकिर्दीची गोष्ट

मार्च १९७४ मध्ये बार्बाडोसच्या ब्रिजटाउन शहरात वेस्ट इंडीज आणि इंग्लंड यांच्यातला तिसरा कसोटी सामना झाला. लॉरेन्स रोने त्या सामन्यात ३०२ धावा केल्या आणि तो सामना त्या त्रिशतकाच्या नावावरच लागला. त्याच सामन्यात तेवीस वर्षांचा एक वेगवान गोलंदाज वेस्ट इंडीजकडून पहिल्यांदा खेळत होता, याकडे बेटाबाहेरच्या फार थोड्या लोकांनी लक्ष दिले असेल. सामना अनिर्णित राहिला, आणि मालिकेतल्या उरलेल्या दोन कसोटींत त्याला स्थान मिळाले नाही. त्याचे नाव अँडी रॉबर्ट्स. तो अँटिग्वा बेटावरून आला होता, आणि त्या बेटावरून कसोटी क्रिकेटपर्यंत पोहोचलेला तो पहिला माणूस होता.

या एका वाक्याचे महत्त्व आपल्याकडच्या वाचकाला चटकन जाणवत नाही, याचे कारण 'वेस्ट इंडीज' हा शब्द आपण एखाद्या देशाच्या नावासारखा वापरतो. वास्तविक तो देश नाही. त्या नावाचे राज्य नाही, सरकार नाही, पारपत्र नाही. कॅरिबियन समुद्रातली, पूर्वी ब्रिटिश अमलाखाली असलेली अनेक बेटे आणि दक्षिण अमेरिकेच्या मुख्य भूमीवरचा गयाना यांनी क्रिकेटपुरता एकत्र केलेला तो संघ आहे. या प्रदेशांना राजकीयदृष्ट्या एकत्र आणण्याचा प्रयत्न १९५८ साली झाला, आणि चारच वर्षांत तो संघ मोडला. जमैका आणि त्रिनिदाद १९६२ साली स्वतंत्र झाले, बार्बाडोस आणि गयाना १९६६ साली. अँटिग्वाला स्वातंत्र्य मिळायला १९८१ उजाडावे लागले. म्हणजे रॉबर्ट्सने आपल्या कारकिर्दीतला बहुतेक काळ, त्याचे स्वतःचे बेट स्वतंत्र नसताना, अस्तित्वात नसलेल्या एका देशाच्या नावाने खेळण्यात घालवला.

आता या संघातली अंतर्गत उतरंड समजून घ्यायला हवी, कारण पुढची सगळी गोष्ट तिच्यावर उभी आहे. वेस्ट इंडीजने पहिली कसोटी १९२८ साली लॉर्ड्सवर खेळली. तेव्हापासून पुढची जवळजवळ चाळीस वर्षे संघातले खेळाडू प्रामुख्याने चार ठिकाणचे असत : बार्बाडोस, जमैका, त्रिनिदाद आणि गयाना. बाकीच्या बेटांचे दोन गट पडतात. अँटिग्वा, सेंट किट्स, नेव्हिस, माँटसेराट, अँग्विला ही लीवर्ड बेटे, आणि डॉमिनिका, सेंट लुशिया, सेंट व्हिन्सेंट, ग्रेनाडा ही विंडवर्ड बेटे. या सगळ्यांवरच्या माणसांना मोठ्या प्रदेशांतले लोक 'स्मॉल आयलंडर' म्हणत. छोट्या बेटावरचा. हा शब्द भूगोल सांगत असे, पण त्याबरोबर पायरीही दाखवून देत असे. मुंबईत नोकरीसाठी आलेल्या कोकणातल्या किंवा घाटावरच्या माणसाला 'गावचा' असे ज्या सुरात म्हटले जाई, तो सूर ज्याने ऐकला आहे त्याला या शब्दातली बोच वेगळी सांगायला नको.

अँटिग्वाचे क्षेत्रफळ सुमारे २८१ चौरस किलोमीटर आहे, म्हणजे बृहन्मुंबईच्या निम्म्याहूनही कमी. १९७० च्या सुमारास तिथे साधारण पासष्ट हजार माणसे राहत होती. पण बेट लहान, माणसे थोडी, म्हणून खेळाडू थोडे, एवढेच उत्तर पुरेसे नाही. बार्बाडोससुद्धा फार मोठे नाही, सुमारे ४३० चौरस किलोमीटर आहे, आणि त्याने गॅरी सोबर्स, वेस हॉल, फ्रँक वॉरेल यांच्यासह किती कसोटीपटू दिले याची यादी लांबलचक होईल. फरक आकाराचा नव्हता, रचनेचा होता, आणि माझ्या मते ही रचना नीट समजली की रॉबर्ट्सच्या कारकिर्दीतली निम्मी कोडी आपोआप सुटतात.

बार्बाडोस, त्रिनिदाद आणि तेव्हाचे ब्रिटिश गयाना यांच्यातली आंतरवसाहत स्पर्धा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकातच सुरू झाली होती. लीवर्ड आणि विंडवर्ड बेटांना तिच्यात जागा नव्हती, ती आपापसात खेळत राहिली. जो खेळाडू मोठ्या स्पर्धेत खेळत नाही त्याच्या धावा आणि बळी निवड समितीपुढे येतच नाहीत, आणि आले तरी त्यांचे वजन किती धरायचे हे कोणाला ठरवता येत नाही. त्यात मैदानांचा प्रश्न होता. १९८१ पर्यंत वेस्ट इंडीजमधल्या कसोटी फक्त ब्रिजटाउन, किंग्स्टन, पोर्ट ऑफ स्पेन आणि जॉर्जटाउन या चार शहरांत होत असत. सामना ज्या शहरात, तिथला एखादा खेळाडू संघात असावा असा आग्रह स्थानिक लोक आणि वर्तमानपत्रे नेहमी धरत, आणि त्या आग्रहाचा फायदा चार प्रदेशांतल्या अनेक खेळाडूंना झाला. ज्या बेटावर कसोटीच होत नाही, तिथल्या खेळाडूसाठी ओरडणारे प्रेक्षक मैदानात नसतात. किंग्स्टन ते ब्रिजटाउन हे अंतरच जवळपास १९०० किलोमीटर आहे, तेव्हा नेव्हिसच्या मुलाचा खेळ बघायला जमैकाचा निवडकर्ता मुद्दाम बोटीने किंवा विमानाने जाईल ही अपेक्षा कोणी ठेवायची?

अपवाद होते, पण हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. सेंट व्हिन्सेंटचा अल्फॉन्सो रॉबर्ट्स १९५६ साली न्यूझीलंडमध्ये एक कसोटी खेळला आणि तेवढ्यावरच थांबला. १९६९ साली डॉमिनिकाचा ग्रेसन शिलिंगफोर्ड आणि सेंट व्हिन्सेंटचा यष्टिरक्षक माइक फिंडले इंग्लंडच्या दौऱ्यावर खेळले. हे सारे विंडवर्ड बेटांचे. लीवर्ड बेटांमधून कसोटी संघात गेलेला पहिला खेळाडू नेव्हिसचा फिरकी गोलंदाज एल्क्वेमेडो विलेट, आणि तोही थेट १९७३ साली. त्याच्या पाठोपाठ, एका वर्षाने, अँडी रॉबर्ट्स.

मध्यंतरी एक दार थोडेसे उघडले होते. १९६५-६६ च्या हंगामात शेल शील्ड ही प्रथम श्रेणीची स्पर्धा सुरू झाली आणि तिच्यामुळे लहान बेटांच्या खेळाडूंना मोठ्यांविरुद्ध नियमित खेळण्याची वाट मिळाली. पण इथेही लीवर्ड आणि विंडवर्ड बेटांना बहुतेक वर्षे एकाच संघात बसवले जाई. त्या संघाचे नाव 'कम्बाइन्ड आयलंड्स', म्हणजे एकत्रित बेटे. हिशेब करून बघा : एकट्या बार्बाडोसला अकरा जागा आणि सगळ्या लहान बेटांना मिळून अकरा जागा. अँटिग्वाच्या मुलाला आधी आपल्या बेटाच्या संघात यायचे, मग लीवर्ड बेटांच्या संघात, मग विंडवर्डच्या खेळाडूंना मागे टाकून एकत्रित संघात, आणि त्यानंतर कुठे वेस्ट इंडीजच्या निवडकर्त्यांची नजर त्याच्याकडे वळण्याची शक्यता. बार्बाडोसच्या मुलाला यातल्या दोन पायऱ्या चढाव्याच लागत नव्हत्या.

रॉबर्ट्सचा जन्म २९ जानेवारी १९५१ रोजी अँटिग्वाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरच्या अर्लिंग्ज या मासेमारीच्या गावात झाला. घरात चौदा भावंडे, वडील मच्छीमार. त्याच्याहून वर्षभराने लहान असलेला व्हिव्हियन रिचर्ड्स राजधानी सेंट जॉन्सचा. दोघांची नावे पुढे जगभर झाली, पण १९७२ साली दोघांनाही पुढे नेणारी यंत्रणा बेटावर नव्हती. ती लोकांनी उभी केली. अँटिग्वातल्या क्रिकेटप्रेमींच्या एका स्वयंसेवी समितीने लोकांमधून पैसे जमवले आणि या दोघांना हिवाळ्यात लंडनला, इंग्लंडचा माजी वेगवान गोलंदाज आल्फ गोव्हर याच्या प्रशिक्षणशाळेत पाठवले. गावातल्या हुशार मुलाच्या शिक्षणासाठी गावकऱ्यांनी वर्गणी काढावी, तसाच हा प्रकार होता. फक्त इथे गाव म्हणजे अख्खे बेट होते. गोव्हरची शाळा दक्षिण लंडनमधल्या वँड्सवर्थ भागात, छताखाली भरत असे. आयुष्यभर उघड्या मैदानावर, समुद्राच्या वाऱ्यात खेळलेल्या दोन तरुणांना त्या थंडीत, भिंतींच्या आत, क्रिकेटचे पुस्तकी धडे गिरवावे लागले. रॉबर्ट्सला तिथे काय शिकता आले यापेक्षा तो इंग्लंडमध्ये पोहोचला, ही गोष्ट मला अधिक मोलाची वाटते.

कारण इंग्लंडमध्ये रोजगार होता. १९६८ साली इंग्लिश काउंटी संघांना, म्हणजे तिथल्या परगण्यांच्या व्यावसायिक संघांना, परदेशी खेळाडू वर्षानुवर्षे थांबायला न लावता थेट घेण्याची मुभा मिळाली, आणि त्या एका नियमाने कॅरिबियन क्रिकेटचे अर्थशास्त्र बदलले. बेटांवर क्रिकेट खेळून पोट भरण्याची सोय नव्हती. काउंटीत मात्र एप्रिल ते सप्टेंबर रोज क्रिकेट, महिन्याला पगार, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आकडे. त्या आकड्यांना जमैकाचा किंवा त्रिनिदादचा निवडकर्ता 'छोट्या बेटावरचे आकडे' म्हणून बाजूला सारू शकत नव्हता. रॉबर्ट्स १९७३ साली हँपशायरकडे गेला आणि १९७४ चा पूर्ण हंगाम खेळला. ब्रिजटाउनच्या त्या एका कसोटीनंतर बाजूला ठेवलेल्या या गोलंदाजाने त्या उन्हाळ्यात ११९ बळी घेतले, तेही अवघ्या १३.६२ धावांच्या सरासरीने. हँपशायरचे काउंटी स्पर्धेचे विजेतेपद केवळ दोन गुणांनी हुकले. पण रॉबर्ट्ससाठी निकाल लागला होता. आता त्याला संघाबाहेर ठेवायचे तर निवडकर्त्यांना त्याचे कारण द्यावे लागणार होते.

त्याच हंगामात त्याच्या गोलंदाजीतली जी गोष्ट जगाला दिसली, ती थोडी जवळून बघू, कारण वेगवान गोलंदाजी म्हणजे केवळ ताकद असा समज अजूनही पुष्कळांचा आहे. रॉबर्ट्सचा उसळता चेंडू एक नव्हता, दोन होते. चेंडू टाकण्याआधीची धाव तीच, हात फिरवण्याची पद्धतही तीच, चेंडू सुटतानाचा मनगटाचा कोन बाहेरून तोच. पहिला चेंडू आखूड टप्प्यावर पडून छातीपर्यंत यायचा, पण त्याचा वेग किंचित कमी असायचा. फलंदाजाला तो नीट दिसायचा, वेळ मिळायचा, आणि चांगला फलंदाज मागच्या पायावर जाऊन हूक करून तो सीमेपार पाठवायचा. रॉबर्ट्सच्या चेहऱ्यावरची रेषही हलायची नाही. तो वळायचा आणि शांतपणे आपल्या खुणेकडे चालू लागायचा. काही चेंडूंनंतर, किंवा काही षटकांनंतर, तोच चेंडू पुन्हा यायचा. फलंदाजाच्या शरीराने पहिल्या चेंडूवरून एक अंदाज बांधून ठेवलेला असायचा, आणि पाय, मनगटे त्या अंदाजाने हलायला लागायची. पण हा दुसरा चेंडू जास्त वेगाने यायचा, जास्त उसळायचा, आणि बॅट अजून अर्ध्या वाटेत असतानाच डोक्याशी पोहोचायचा.

यातले गणित साधे आहे. गोलंदाजाच्या हातातून चेंडू सुटतो तिथून फलंदाजापर्यंतचे अंतर साधारण साडेसतरा मीटर धरा. ताशी १२५ किलोमीटर वेगाने सुटलेल्या चेंडूला हे अंतर कापायला ढोबळमानाने अर्धा सेकंद लागतो. ताशी १४० किलोमीटरने सुटला तर सुमारे पंचेचाळीस शतांश सेकंद. (चेंडू टप्प्यावर आपटून मंदावतो, त्यामुळे प्रत्यक्षातले आकडे थोडे वाढतात, पण फरक तेवढाच राहतो.) म्हणजे दोन्हींतले अंतर सेकंदाच्या विसाव्या भागाइतके. पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो. पण हूक मारणारा फलंदाज चेंडूच्या रेषेत डोके नेऊन उभा असतो, आणि तिथे तेवढ्या फरकाने चेंडू बॅटवर लागायचा की जबड्यावर हे ठरते. शिवाय त्या काळात शिरस्त्राण नव्हते. १९७४ च्या जूनमध्ये टाँटनला सॉमरसेटविरुद्धच्या सामन्यात अठरा वर्षांच्या इयान बॉथमच्या तोंडावर रॉबर्ट्सचा चेंडू लागून त्याचे दात गेले. तरीही तो पोरगा खेळपट्टीवर टिकला आणि नाबाद ४५ धावा करून एका बळीने सामना जिंकून गेला. डिसेंबर १९७७ मध्ये सिडनीला ऑस्ट्रेलियाचा फलंदाज डेव्हिड हूक्स याचा जबडा रॉबर्ट्सच्याच चेंडूने मोडला, आणि त्यानंतर फलंदाजांनी शिरस्त्राणाचा विचार गंभीरपणे सुरू केला.

या दुखापतींचे कौतुक करण्यासारखे काही नाही, आणि मी ते करत नाही. सांगायचे आहे ते वेगळेच. समोरच्या फलंदाजाचा अभ्यास करून, त्याला एक चौकार देऊन, त्याच्या मनात खोटा अंदाज पेरायचा आणि मग वाट बघायची, ही बुद्धीची गोलंदाजी होती. तोंडाने एक शब्द न बोलता, डोळे न वटारता केलेली. मायकेल होल्डिंग आणि माल्कम मार्शल यांच्यासारख्या पुढच्या गोलंदाजांनी रॉबर्ट्सला गुरुस्थानी मानले ते याच विचारासाठी. वेस्ट इंडीजचा चार वेगवान गोलंदाजांचा तो प्रसिद्ध मारा पुढे घडला, त्याचा पहिला खांब हा अर्लिंग्जचा माणूस होता.

आता भारताकडे येऊ, कारण रॉबर्ट्सची कारकीर्द खऱ्या अर्थाने सुरू झाली ती आपल्याकडे. नोव्हेंबर १९७४ मध्ये बंगळूरला क्लाइव्ह लॉइडच्या कप्तानपदाची पहिली कसोटी झाली. गॉर्डन ग्रीनिज आणि व्हिव्हियन रिचर्ड्स यांचे पदार्पण त्याच सामन्यात, आणि रॉबर्ट्सची ही दुसरी कसोटी. म्हणजे अँटिग्वासारख्या बेटाचे दोन खेळाडू एकाच कसोटी संघात, ही गोष्टही तिथेच पहिल्यांदा घडली. दिल्लीच्या दुसऱ्या कसोटीत रिचर्ड्सने नाबाद १९२ धावा केल्या. तिसरी कसोटी कोलकात्याला. सुनील गावसकर दुखापतीमुळे बाहेर होता, त्यामुळे डावाची सुरुवात करायला मुंबईचे सुधीर नाईक गेले. सामन्याचा पहिलाच चेंडू रॉबर्ट्सने टाकला आणि नाईक यष्टिरक्षक डेरिक मरेच्या हाती झेल देऊन परतले. कसोटीचा पहिला चेंडू, पहिला बळी. तरीही तो सामना भारताने जिंकला.

चौथी कसोटी चेन्नईला, जानेवारी १९७५ मध्ये. पहिल्या डावात भारताच्या १९० धावा झाल्या आणि रॉबर्ट्सने ६४ धावांत सात बळी घेतले. एका टोकाला तो फलंदाजांची रांग कापत होता आणि दुसऱ्या टोकाला गुंडाप्पा विश्वनाथ उभा होता. विश्वनाथ ९७ धावांवर नाबाद राहिला. शतक झाले नाही, आणि तरी त्या पिढीतले लोक विश्वनाथची आठवण काढताना शतकांआधी या ९७ धावांकडे वळतात. त्या डावाचे मोल समोरच्या गोलंदाजीमुळे वाढले, हे इथे मुद्दाम नोंदवले पाहिजे. दुसऱ्या डावात रॉबर्ट्सने आणखी पाच बळी घेतले, सामन्यात एकूण बारा, आणि तरीही सामना पुन्हा भारतानेच जिंकला. मालिका बरोबरीत आली आणि निर्णय मुंबईच्या नव्याकोऱ्या वानखेडे मैदानावर, तिथल्या पहिल्याच कसोटीत लागला. लॉइडच्या नाबाद २४२ धावा, त्याला उत्तर देताना एकनाथ सोलकरचे शतक, आणि अखेर वेस्ट इंडीजचा विजय. संपूर्ण मालिकेत रॉबर्ट्सच्या नावावर ३२ बळी होते. फिरकीला साथ देणाऱ्या, वेगवान गोलंदाजाला घाम गाळूनही काही न देणाऱ्या भारतीय खेळपट्ट्यांवर मिळवलेले हे बळी आहेत.

पुढची वर्षे भराभर सांगता येतील. १९७५ च्या पहिल्या विश्वचषकात पाकिस्तानविरुद्ध वेस्ट इंडीजची अवस्था २६७ धावांचा पाठलाग करताना नऊ बाद २०३ अशी झाली होती. डेरिक मरे आणि रॉबर्ट्स यांनी शेवटच्या जोडीने ६४ धावा करून दोन चेंडू राखून सामना काढला. ही भागी झाली नसती तर तो विश्वचषक वेस्ट इंडीजकडे गेला असता की नाही याची मला शंका आहे. त्याच वर्षअखेरीस ऑस्ट्रेलियात संघ ५-१ असा हरला. जो एक सामना जिंकला, त्या पर्थच्या कसोटीत रॉबर्ट्सने ५४ धावांत सात बळी घेतले. १९७६ च्या इंग्लंड दौऱ्यावर त्याचे आणि होल्डिंगचे प्रत्येकी २८ बळी, आणि तिथेच आपल्या एकोणिसाव्या कसोटीत त्याने शंभर बळींचा टप्पा गाठला. १९७७ मध्ये ऑस्ट्रेलियन माध्यमसम्राट केरी पॅकरने आपली समांतर स्पर्धा उभी केली तेव्हा रॉबर्ट्सही तिकडे गेला. लहान बेटावरच्या खेळाडूसाठी हा निर्णय किती सोपा असेल याची कल्पना करता येते. ज्याच्यामागे ना मोठे मंडळ होते, ना नोकरीची हमी, त्याला पहिल्यांदाच कोणीतरी त्याच्या कौशल्याचा खरा मोबदला देऊ करत होते. माँटसेराटचा जिम ॲलन तर पॅकरच्या वेस्ट इंडीज संघातून खेळला, पण कसोटीत त्याला कधीच संधी मिळाली नाही.

१९८३ चा विश्वचषक आपल्याला कपिल देवच्या बाजूने पाठ आहे. रॉबर्ट्सच्या बाजूनेही तो एकदा पाहावा. ओल्ड ट्रॅफर्डच्या पहिल्याच सामन्यात भारताने वेस्ट इंडीजला धक्का दिला, तेव्हा हार लांबवणारी शेवटची ७१ धावांची भागी रॉबर्ट्स आणि जोएल गार्नर यांची होती. रवी शास्त्रीच्या चेंडूवर किरमाणीने गार्नरला यष्टिचीत केले आणि रॉबर्ट्स ३७ धावांवर नाबाद उरला. अंतिम सामन्यात गावसकरला दोन धावांवर बाद करणारा गोलंदाजही तोच. तो दहा षटकांत ३२ धावा देऊन तीन बळी घेऊन गेला, आणि सामना आपण जिंकला. त्याच वर्षाच्या अखेरीस वेस्ट इंडीज भारतात आला. कोलकात्याला, जिथे नऊ वर्षांपूर्वी त्याने सामन्याच्या पहिल्या चेंडूवर बळी घेतला होता, तिथे त्याने लॉइडच्या साथीने नवव्या गड्यासाठी १६१ धावांची भागी करताना ६८ धावा केल्या. आणि शेवटची कसोटी चेन्नईला, डिसेंबर १९८३ मध्ये. चेपॉकच्या ज्या मैदानावर त्याने बारा बळी घेतले होते, तिथेच त्याची कसोटी कारकीर्द संपली : ४७ कसोटी, २०२ बळी, सरासरी २५.६१.

एवढ्यावर या माणसाचे मोजमाप करणे मला अपुरे वाटते. एक लहान बेट एकदा नकाशावर आले की काय होते, हे बघितल्याशिवाय रॉबर्ट्सचे पहिलेपण कळत नाही. १९८०-८१ मध्ये कम्बाइन्ड आयलंड्सने शेल शील्ड जिंकली, आणि त्यानंतर लीवर्ड आणि विंडवर्ड बेटांना अखेर स्वतंत्र संघ मिळाले. मार्च १९८१ मध्ये सेंट जॉन्सच्या अँटिग्वा रिक्रिएशन ग्राउंडवर बेटाची पहिली कसोटी झाली आणि रिचर्ड्सने तिथे शतक ठोकले. देशाला स्वातंत्र्य त्यानंतर सात महिन्यांनी मिळाले. १९८५ मध्ये रिचर्ड्स वेस्ट इंडीजचा कप्तान झाला आणि त्याच्या हाताखाली संघाने एकही कसोटी मालिका गमावली नाही. त्याच्यानंतर कप्तान झालेला रिची रिचर्डसनही अँटिग्वाचाच. म्हणजे दशकभराहून अधिक काळ वेस्ट इंडीजचे नेतृत्व अशा एका बेटाकडे होते, ज्याचा १९७४ पूर्वी एकही खेळाडू त्या संघात नव्हता. स्वीट्स गावच्या कर्टली अँब्रोसने ४०५ कसोटी बळी घेतले, तेही २०.९९ च्या सरासरीने. २०१४ साली अँटिग्वाने रॉबर्ट्स, अँब्रोस आणि रिचर्डसन या तिघांना 'सर' ही पदवी एकत्रच दिली.

हे लोण पुढे इतर बेटांवर पोहोचले. अँग्विलाचा पहिला कसोटीपटू ओमारी बँक्स २००३ साली आला आणि ऑस्ट्रेलियाविरुद्ध ४१८ धावांच्या विक्रमी पाठलागात, सेंट जॉन्सलाच, नाबाद ४७ धावा करून गेला. सेंट लुशियाचा डॅरेन सॅमी पुढे कप्तान झाला. ज्वालामुखीने निम्मे उजाड केलेल्या माँटसेराटचा लायनेल बेकर २००८ साली कसोटी खेळला. डॉमिनिकाच्या रोसो शहरात पहिली कसोटी २०११ साली झाली ती भारताविरुद्ध, आणि त्याच मैदानावर २०२३ मध्ये मुंबईच्या यशस्वी जयस्वालने पदार्पणातच १७१ धावा केल्या. आज आपण तो सामना बघताना डॉमिनिका हे कसोटीचे ठिकाण असण्यात काही नवल मानत नाही.

निवृत्तीनंतर रॉबर्ट्स बेट सोडून गेला नाही. अँटिग्वा रिक्रिएशन ग्राउंडच्या खेळपट्टीची देखरेख त्याने अंगावर घेतली. वेगवान गोलंदाजाने आयुष्यभर खेळपट्टीच्या ज्या भेगा, ओल आणि गवत टिपले, तेच ज्ञान आता माती भिजवण्यात, रोलर फिरवण्यात, गवत कापण्यात उतरले. याच मैदानावर ब्रायन लाराने १९९४ मध्ये ३७५ आणि २००४ मध्ये नाबाद ४०० धावा केल्या.

आणि कोलकात्याला त्याच्या पहिल्या चेंडूवर बाद झालेले सुधीर नाईक? तेही खेळपट्टीकडेच वळले. वानखेडेची खेळपट्टी त्यांनी कित्येक वर्षे सांभाळली, आणि २ एप्रिल २०११ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याची खेळपट्टी त्यांच्याच देखरेखीखाली तयार झाली. डिसेंबर १९७४ मध्ये बावीस यार्डांच्या दोन टोकांना समोरासमोर उभी राहिलेली ही दोन माणसे पुढे दोन वेगळ्या किनाऱ्यांवर, सकाळच्या उन्हात गुडघे टेकून, तळहाताने त्याच बावीस यार्डांची ओल तपासत होती.